अंगणातील बांबू : कोणती काठी तोडावी, कोणती राखावी?

प्रश्न : साताऱ्यात शाहूपुरी भागात आमचे घर आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत काही वर्षांपूर्वी पिवळ्या बांबूचे एक रोप लावले होते. आता त्याचे दाट बेट झाले असून काठ्या शेजारच्या गच्चीवर झुकतात. दर वर्षी आम्ही बाहेरच्या काठ्या तोडतो, तरीही बेट आटोक्यात येत नाही. उलट नवे कोंब बारीक निघू लागले आहेत. मुळांनी भिंतीला धोका आहे का? बेट काढूनच टाकावे काय?

उत्तर : काढून टाकण्याची घाई करू नये. कोंब बारीक येण्याचे कारण तोडण्याच्या पद्धतीत आहे. बांबू ही गवताच्या कुळातील वनस्पती असल्यामुळे तिची एखादी काठी वर्षानुवर्षे जाड होत जात नाही. पावसाळ्यात जमिनीतून जो कोंब निघतो, तो ज्या जाडीचा असेल त्याच जाडीची काठी होते आणि दोन-तीन महिन्यांत ती आपली पूर्ण उंची गाठते. हे कोंब मुख्यतः एक-दोन वर्षांच्या काठ्यांच्या कंदांवरील डोळ्यांतून फुटतात आणि कंद बाहेरच्या दिशेने सरकत असल्याने या तरुण काठ्या बेटाच्या कडेला असतात. कोयता सहज पोहोचतो म्हणून आपण नेमक्या त्याच तोडता, आणि जुन्या, निरुपयोगी काठ्या मधोमध गर्दी करून उभ्या राहतात. पुढच्या पावसाळ्यातील कोंबांना पोसणारेच गेले, तर कोंब बारीक येणारच.

म्हणून तोडण्यापूर्वी काठीचे वय ओळखावे. चालू वर्षाच्या काठीच्या खालच्या पेरांवर वाळलेली तपकिरी आवरणे चिकटलेली असतात, पेराखाली पांढरट भुकटी दिसते आणि रंग तजेलदार असतो. दुसऱ्या वर्षी आवरणे बहुतेक गळून पडतात, भुकटी कमी होते. तीन वर्षांवरील काठीचा रंग निस्तेज होतो, तिच्यावर शेवाळाचे किंवा बुरशीचे करडे-पांढरे ठिपके पडतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यास ती खणखणीत वाजते. कोवळ्या काठीचा आवाज मात्र बद्द येतो. तोडायची ती ही तिसऱ्या वर्षापुढची काठी. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी बेटाच्या एका बाजूने आत शिरायला वाट करावी, म्हणजे वरून पाहता बेट घोड्याच्या नालेसारखे दिसेल. एका हंगामात एक-तृतीयांशापेक्षा अधिक काठ्या काढू नयेत, कारण नव्या लवचीक काठ्यांना वाऱ्यात जुन्यांचाच आधार असतो.

तोडणी दिवाळीनंतर सुरू करून थंडी संपेपर्यंत आटोपावी. पावसाळ्यात बेटाला हात लावू नये, कारण पायाखाली कोंब मोडतात. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर काप घ्यावा. पेराच्या वर वीतभर पोकळ नळी राहिली, तर तिच्यात पाणी साचून खुंट कुजतो आणि डासही होतात. गच्चीवर झुकलेल्या कोवळ्या काठ्यांचे केवळ शेंडे छाटले तरी चालते. शेंडा गेलेली काठी पुन्हा उंच होत नाही.

भिंतीविषयी : वड-पिंपळाप्रमाणे बांबूचे मूळ भेगेत शिरून भिंत फाडत नाही. त्याची मुळे तंतुमय आणि बहुतांशी वरच्या थरात असतात. परंतु दरवर्षी सरकणारा जाड कंद भिंतीला टेकला, तर तिच्यावर दाब येऊ शकतो. उन्हाळ्यात भिंतीच्या बाजूने दीड-दोन फूट खोल चर खणून तिकडे वळलेले कंद तोडून घ्यावेत. ज्यांना नव्याने लावायचा आहे, त्यांनी भिंतीपासून निदान पाच-सहा फूट अंतर सोडावे. पिवळा बांबू तीस-चाळीस फुटांपर्यंत सहज जातो, हे रोपवाटिकेत सहसा कोणी सांगत नाही.

तोडण्यासाठी परवाना लागतो का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला आहे, म्हणून अंगणातील बांबूसाठी या अधिनियमाखाली परवाना लागत नाही.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत आमच्या परसाची जमीन काळी आहे. आडोशासाठी बांबू लावायचा आहे, परंतु काटेरी कळक नको. पावसाळ्यात तेथे पाणी साचते. शेजाऱ्यांच्या बांबूची पाने पिवळी पडतात, त्याचीही धास्ती वाटते.

उत्तर : रोपवाटिकांत ‘हेज बांबू’ या नावाने मिळणारी, बारीक काठीची आणि बिनकाट्याची जात आडोशाला पुरेशी आहे. कोकणातील माणगाही बिनकाट्याचा आणि भरीव असतो, पण परसाच्या मानाने तो मोठा होतो. बांबूला पाणी हवे असते, मात्र साचलेले पाणी त्याला सोसत नाही, मुळे गुदमरतात. म्हणून खड्ड्यात न लावता पोयटा, शेणखत आणि थोडा मुरूम मिसळून फूट-दीड फूट उंच वरंबा करावा व त्यावर तीन-तीन फुटांवर रोपे लावावीत. पुढे दर वर्षी मे महिन्यात बुंध्याला शेणखत आणि मातीची भर द्यावी. गळलेली पाने झाडून जाळू नयेत, ती बुंध्यातच राहू द्यावीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पाने पिवळी पडून गळणे हा बांबूचा नेहमीचा क्रम आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर मात्र चुनखडीयुक्त जमिनीत लोह मिळत नसल्याची शंका घ्यावी. बोअरचे खारे पाणीही पानांची टोके करपवते. त्याऐवजी गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम.

प्रश्न : कराडहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ‘लकी बांबू’ जमिनीत लावल्यास बेट होईल का?

उत्तर : नाही. तो बांबूच नव्हे, ड्रॅसिना नावाची वेगळी शोभेची वनस्पती आहे. सावलीत कुंडीतच ठेवावा.

प्रश्न : वाईजवळ आमच्या परसातील बांबूच्या काठ्यांचा कारल्या-दोडक्यासाठी मांडव केला. काही महिन्यांत काठ्यांतून पिठासारखा भुगा पडू लागला. उपाय सुचवावा.

उत्तर : हा काठीतील पिष्टावर जगणाऱ्या भुंग्याचा उपद्रव आहे. उन्हाळ्यात तोडलेल्या किंवा कोवळ्या काठ्यांना तो अधिक लागतो. पावसाळा सरल्यावर पक्व काठ्या तोडून दोन-तीन आठवडे हौदात पूर्ण बुडवून ठेवाव्यात आणि नंतर सावलीत उभ्या वाळवाव्यात. टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवण्याचीही पद्धत आहे, परंतु पावसात उघड्यावर राहणाऱ्या मांडवातून ते धुऊन जाते. मातीत गाडलेला भाग तर एक-दोन वर्षांतच कुजतो, म्हणून खांबांना डांबर लावावे किंवा ते लोखंडी पाइपात बसवावेत आणि आडव्या काठ्याच तेवढ्या बांबूच्या ठेवाव्यात.