अर्धवट काम ठेवून ब्रँच बदलायची कशी?

प्रश्न: फीचर ब्रँचवर (नव्या फीचरसाठी काढलेल्या कोडच्या वेगळ्या शाखेवर) काम अर्धं झालेलं असतं आणि तेवढ्यात मेन या मुख्य ब्रँचवरचा अर्जंट बग येतो. ब्रँच बदलायला गेलं की गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) कधी गपचूप जाऊ देतं आणि माझे बदल मेनवर पण दिसतात, तर कधी फाइल ओव्हरराइट होईल म्हणून अडवतं. असं का? आणि ते बदल मेनमध्ये गेले का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही गेले, ती धास्ती आधी सोडा. कमिट न केलेला, म्हणजे गिटमध्ये पक्का न नोंदवलेला बदल कुठल्याच ब्रँचचा नसतो, तो नुसता तुमच्या फोल्डरमध्ये असतो, त्यामुळे ब्रँच बदलली की मागे मागे येतो. अडवतं कधी, तर तुम्ही हात लावलेली फाइल दोन ब्रँचच्या शेवटच्या कमिटमध्ये वेगवेगळी असते तेव्हा, कारण आता मेनवाली फाइल आणायची तर तुमचं काम पुसावं लागणार. म्हणजे अडवलं तर बरंच म्हणायचं, खरी गडबड जाऊ देतं तेव्हाच होते, तुम्ही बग फिक्स करता, सवयीने गिट ॲड डॉट मारता (म्हणजे फोल्डरमधले सगळेच बदल कमिटसाठी निवडता) आणि फीचरचा अर्धा कच्चा कोड पण त्याच कमिटमध्ये.

सगळे सांगतात स्टॅश करा, म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवा. करा, पण नवीन फाइली, ज्या कधी ॲडच केल्या नाहीत, त्या साध्या स्टॅशमध्ये जात नाहीत, त्यासाठी कमांडला मायनस यू (-u) लावावं लागतं. शिवाय स्टॅशची यादी सगळ्या ब्रँचना मिळून एकच, मेसेज न देता टाकत गेलात की महिन्याभराने यादी बघून काय कशाचं ते कळत नाही. पॉप करताना (स्टॅश परत काढताना) कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे बदल एकमेकांशी जुळले नाहीत, तर मात्र घाबरू नका, स्टॅश तसाच राहतो.

मला विचाराल तर सरळ डब्ल्यूआयपी (काम चालू आहे, वर्क इन प्रोग्रेस) नावाने कमिट मारा आणि जा. परत आलात की गिट रीसेट हेड टिल्डा वन (git reset HEAD~1), कमिट सुटतो, बदल जागेवर. फक्त मधे तो कमिट पुश केला (सर्व्हरवर पाठवला) नसेल तरच हं.

फोर्स करून ब्रँच बदलू नका, ॲडही न केलेल्या बदलांची गिटकडे कॉपीच नसते, मग रीफ्लॉग (गिटची जुन्या कमिटची नोंदवही) पण कामाला येत नाही.

आणि हे रोजचंच असेल तर वर्कट्री (एकाच प्रोजेक्टच्या ब्रँच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये उघडायची सोय) बघा, २०१५ पासून गिटमध्ये आहे, मेन वेगळ्या फोल्डरमध्ये उघडतं आणि फीचरला हातच लावावा लागत नाही. नोडचा प्रोजेक्ट असेल तर तिथे लायब्ररींचं इन्स्टॉल परत करावं लागेल, तेवढा वेळ धरा.