नागपूरहून म्युनिकला मुलांसह जाताना शाळा कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, तुमच्या यजमानांची कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी म्युनिकला पाठवत आहे, मुलगी साडेनऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे, आणि दोघांना इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत घालावे की तिथल्या सरकारी जर्मन शाळेत, हे ठरत नाही. आम्हीही नागपूरहून दोन मुलांना घेऊन म्युनिकला गेलो, काही वर्षे राहिलो आणि परतलो, म्हणून हे लिहीत आहे. दोघांसाठी एकच शाळा शोधण्याचा आग्रह धरू नका, असे मला मनापासून वाटते, कारण या दोन वयांचे प्रश्नच निराळे आहेत.

जर्मनीत शालेय शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. बर्लिनला राहणाऱ्या नातेवाइकांचा सल्ला म्युनिकमध्ये लागू पडेलच असे नाही, कारण बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, तर म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तिथे ती चौथीलाच संपते. चौथीच्या वर्षात, मे महिन्यात, मुलांना एक प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर जर्मन, गणित व परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते. तिथे 1 ही सर्वोत्तम श्रेणी आणि 6 ही सर्वांत खालची. सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये थेट प्रवेश मिळतो, 2.66 पर्यंत रिआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची मधल्या स्तराची शाळा, मिळते, आणि उरलेली मुले मिटेलशुलेत, म्हणजे मुख्यतः व्यवसाय-शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळेत, जातात. पुढे वाट बदलता येते, पण ती लांबची पडते.

आता तुमच्या मुलीचा विचार करा. सप्टेंबरमध्ये ती वयानुसार तिथल्या चौथीत बसेल आणि जर्मनचा गंध नसताना आठ महिन्यांत तिची अशी प्रतवारी होईल. जर्मन अजिबात न येणाऱ्या मुलांसाठी तिथे स्वतंत्र भाषावर्ग असतात, त्यांतले शिक्षकही कष्टाळू असतात, परंतु एवढ्या अवधीत निबंध लिहिण्याइतकी भाषा येणे फार कमी मुलांना साधते. तीन वर्षांनी परतणे पक्के असेल आणि कंपनी शुल्क भरणार असेल, तर मुलीला आंतरराष्ट्रीय शाळेत घाला. हे शुल्क वर्षाला पंधरा-वीस हजार युरो किंवा त्याहूनही अधिक असते, म्हणून प्रवेश शुल्क, बस आणि दरवर्षीची वाढ यांसह ते कंपनीच्या पत्रात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. मुक्काम लांबण्याची शक्यता असेल, तर मात्र मुख्याध्यापकांना भेटून तिला तिसरीत बसवण्याची विनंती करा. एक वर्ष मागे गेल्याचे दुःख आपल्याकडच्या आजी-आजोबांना फार होते, पण त्या एका वर्षात मुलीला भाषेत पाय रोवता येतात.

मुलाला नि:शंकपणे घराजवळच्या सरकारी शाळेत घाला. पहिलीत सगळीच मुले अक्षर ओळखण्यापासून सुरुवात करतात. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल जवळजवळ स्वतःच्या उंचीचा, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला कागदी शंकू कवटाळून शाळेत येते. हा शंकू पालकांनी द्यायचा असतो, तेव्हा तो आधीच आणून ठेवा. माझा मुलगा सुरुवातीचे काही महिने वर्गात तोंड उघडत नसे. त्याच्या शिक्षिकेने आम्हाला बोलावून सांगितले की, घरी मोडकेतोडके जर्मन बोलू नका, तुमची भाषाच भरपूर आणि नीट बोला, जर्मन आम्ही शिकवू. आम्ही तसेच केले, आणि वर्ष सरता सरता तो मैदानावर भांडणेसुद्धा जर्मनमध्ये करू लागला.

सरकारी प्राथमिक शाळा तिथे पत्त्यावरून ठरते. आपल्याकडे धरमपेठेतली मुले व्हॅनने वर्धा रोडवरच्या शाळेत जातात, तशी सोय तिथे नाही. लहान मुलेही पायी शाळेत जातात. त्यामुळे घर निवडणे म्हणजेच शाळा निवडणे होय. कंपनी आधी तात्पुरते घर देत असेल, तर ते शक्यतो त्याच भागात मागून घ्या, नाही तर दोन-तीन महिन्यांत मुलाची शाळा पुन्हा बदलेल. दुसरी गोष्ट अशी की शाळा दुपारीच सुटते, कधी कधी साडेअकरालाही. तुम्हीही नोकरी करणार असाल तर दुपारच्या देखभाल केंद्रात नाव नोंदवणे हे शाळाप्रवेशाइतकेच तातडीचे आहे, कारण तिथल्या जागा लवकर भरतात. ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या देखभालीचा कायदेशीर हक्क देणारा कायदा झाला आहे, तरी प्रत्यक्ष जागा मिळेपर्यंत स्वस्थ बसू नका.

सुट्ट्यांबाबत तिथे फार काटेकोरपणा असतो. नागपुरातल्या लग्नासाठी आठवडाभर शाळा बुडवता येत नाही. विनापरवानगी गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होतो.

कागदपत्रांमध्ये जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिकांइतकेच लसीकरण कार्ड सांभाळा. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गोवरप्रतिबंधक लसीच्या दोन मात्रांचा पुरावा बंधनकारक आहे. आपल्याकडे त्या नवव्या महिन्यानंतर आणि दीड वर्षाच्या सुमारास दिल्या जातात, पण कार्डावर दुसऱ्या मात्रेची तारीख अनेकदा लिहायची राहून जाते. निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून ती तारीख, सही आणि शिक्का घ्या.

परतीचे वेळापत्रकही आताच डोळ्यांसमोर ठेवा. सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश मिळवणे अवघड असते. मुक्काम वाढवण्याचा विषय निघाला, तर मुलीची नववी कोणत्या वर्षी येते हे आधी पाहा आणि मगच कंपनीला होकार कळवा.