दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यात सायकल चालवायला सोपा आणि बघण्यासारखा रस्ता कोणता?

कासला सायकलवर जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की तुमची आणि मिसेसची सायकल कॉलेजनंतर सुटली आणि सोबत बारा वर्षांची मुलगी आहे. कास शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. समर्थ मंदिर मागे पडलं की थोड्याच वेळात यवतेश्वरचा घाट लागतो, आणि तिथेच तिघांची तोंडं तीन दिशांना होतील. शिवाय फुलं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीला पठार वाळायला लागलेलं असतं. हौस असेल तर चारचाकीने जाऊन या.

पाहुण्याला आम्ही सातारकर सगळं वरचंच दाखवतो: अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, ठोसेघर. हौशी सायकलवाल्याने मात्र खाली बघावं, कृष्णेकडे. नदीच्या काठाने रस्ता चढला तरी दम लागत नाही, आणि देवळं, घाट, वाडे सगळे तिथेच आहेत.

माझं उत्तर म्हणून एकच: वाई ते मेणवली ते धोम. साताऱ्याहून वाई तासाभराच्या आत. सायकली गाडीवर बांधून न्या, हायवेवरून चालवत नेऊ नका. गणपती घाटाजवळून सकाळी सातच्या सुमाराला निघा. थंडीत खोऱ्यात धुकं साचतं, त्यामुळे मुलीला कानटोपी द्याच. निघण्याआधी ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून एक चक्कर मारा. 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. नदीच्या पात्रालगत असल्यामुळे मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं. पुढून दर्शन घेऊन निघणाऱ्यांना हे दिसतच नाही.

मेणवली तीनेक किलोमीटरवर. इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे, पण मी म्हणेन आधी वाड्यामागच्या घाटावर जा. पायऱ्या चंद्रकोरीसारख्या वळत पाण्यात उतरतात. वर मेणेश्वराचं देऊळ, आणि शेजारी एका छोट्या घुमटीत भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हा आलेल्या घंटांपैकी ही एक. मुलांना घाटापेक्षा हीच जास्त आवडते. इथे अर्धा तास सहज जातो, जाऊ द्या.

मेणवलीपासून धोमपर्यंत उसाची आणि हळदीची शेतं, मधे वस्त्या, आणि दोन्ही बाजूंना डोंगर. रस्ता धरणाच्या दिशेने अगदी हलका चढतो. चालवताना कळत नाही, पण परतताना पायडल न मारता सायकल पळायला लागली की कळतं. घरच्यांना घेऊन जायचं तर चढ जाताना हवा आणि उतार येताना. धोम गावात नरसिंहाचं देऊळ आहे, आणि महादेवापुढे दगडी कमळासारख्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंड भरलेलं असेल तर कासव तरंगतंय असं वाटतं. इथूनच मागे फिरा. धरणाची भिंत बघायचा मोह होईल, पण तो शेवटचा चढ मुलीला आवडणार नाही. जाऊन येऊन सतरा-अठरा किलोमीटर होतात. रमतगमत गेलात तरी ऊन तापायच्या आत वाईत परत, आणि मिसळ खायची वेळही झालेली असते. दुपारी पसरणी घाटाने पाचगणीला जायचं असेल तर सायकली पुन्हा गाडीवर.

वाईपर्यंत जाणं जमत नसेल तर साताऱ्यातून संगम माहुली, पाचेक किलोमीटर. कृष्णा-वेण्णेचा संगम, काशी विश्वेश्वराचं देऊळ, आणि साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. ठिकाण सुंदर, पण रस्त्याचं गणित नेमकं उलटं: जाताना उतार, येताना चढ, आणि तोही ऊन वर आल्यावर. शिवाय बॉम्बे रेस्टॉरंट चौकातली वाहनं. त्या चौकात खाली उतरून सायकली हातात धरून पलीकडे जा, त्यात काही कमीपणा नाही. लिंबची बारा मोटांची विहीर जरूर बघा, पण गाडीने.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. उसाने भरलेले दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर येतात आणि त्यांना पटकन थांबता येत नाही. आवाज आला की सरळ रस्त्याखाली उतरा, साइडपट्टीवर कसरत करत बसू नका. अंधार पडल्यावर तर सायकली बाहेर काढूच नका, कित्येक ट्रेलरना मागे दिवाही नसतो. दुसरा त्रास बाभळीच्या काट्यांचा. जास्तीची ट्यूब आणि हातपंप बरोबर ठेवा, पंक्चरवाला वाईत भेटेल, मधल्या शेतांत नाही. गिअरची सायकल लागतेच असं नाही, ब्रेक आणि सीटची उंची मात्र आदल्या दिवशीच बघून घ्या.

पुढे सांगलीलाही जाणार आहात म्हणून लिहितो. तिथे घाट वगैरे भानगडच नाही, सगळं सपाट. गणपती मंदिरापासून हरिपूर चारेक किलोमीटर. कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ आहे. हळदीची पेवं याच भागात असायची, जमिनीखालची ती कोठारं आता फार उरली नाहीत. येताना आयर्विन पुलाकडून या. पुराच्या दिवसांत अख्खी सांगली याच पुलापाशी पाणी किती फूट झालं ते विचारत असते: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. दिवाळीला पात्र शांत असतं, घाटावर बसायला छान वाटतं. फक्त मुलीला पाण्यात पाय सोडून बसू देऊ नका. सांगलीच्या कृष्णेत मगरी आहेत.