इटलीतल्या एखाद्या गावात स्वयंसेवक म्हणून बोलायचं इंग्रजी शिकवायला जायचंय. त्यासाठी इटालियन यायलाच हवं का?

नाही, पण थोडं आलं तर चुका कुठून येतात ते चटकन कळतं. इटालियनमध्ये 'ह'चा उच्चारच नाही, त्यामुळे भूक लागलेला माणूस 'आय ॲम अँग्री' म्हणतो आणि आपण उगाच घाबरतो! 'पारेंती' म्हणजे नातेवाईक, म्हणून कुणी 'माझे वीस पेरेंट्स लग्नाला आले' म्हणालं तर हसू नका. व्याकरणाचं पुस्तक घरीच ठेवा. बाजारात सोबत फिरा, भाव विचारा, स्वयंपाक करता करता बोलतं करा. जेवणाचा विषय काढलात की लाजाळू माणूसही तुटक्या इंग्रजीत तावातावाने वाद घालतो.

खरी अडचण व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच अल्पमुदतीचा व्हिसा) लागतो आणि त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. 'पगार नाही, फक्त राहणं-जेवण' हेही काम धरलं जाऊ शकतं. म्हणून टुरिस्ट व्हिसावर गुपचूप जाऊ नका, संस्थेचं लेखी निमंत्रण घेऊन वकिलातीत आधी विचारा. आणि शक्यतो ऑगस्ट टाळा, १५ तारखेच्या फेरागोस्तो या उन्हाळी सुट्टीच्या सणाच्या आसपास निम्मं गाव समुद्रावर गेलेलं असतं.