गिल्बर्ट हिलची लोककथा मुलाने प्रोजेक्टमध्ये ‘अंधश्रद्धा’ म्हणून लिहावी का?

नका लिहू देऊ. तुम्ही म्हणताय की सातवीच्या प्रोजेक्टला ‘अंधश्रद्धा’ आणि ‘वैज्ञानिक कारण’ असे दोन रकाने आखून दिलेत. पहिल्या रकान्याचं नाव खोडा आणि ‘लोक काय सांगतात’ असं लिहा. गुण कापले तर कापले.

मी गिल्बर्ट हिलच्या, त्या टेकडीच्या पायथ्याशी वाढले. आमची चाळ मुंबईत अंधेरी पश्चिमेला, गॅलरीच्या टोकाला उभं राहिलं की समोर तो काळा कडा. आजी सांगायची, एक राक्षस लाकडाची मोळी घेऊन गाव जाळायला निघाला. गावदेवीने वाटेत अडवल्यावर त्याने मोळी उभी टेकली, आणि ती तिथेच दगड झाली. परत कुणी उचलू नये म्हणून देवी मोळीवरच बसली. “नीट बघ, लाकडं मोजता येतील,” म्हणायची. आणि खरंच, खालून बघितलं तर एकाला एक चिकटलेले उभे सोट दिसतात.

1984 चा मे महिना. शेजारणीच्या बाळासाठी आजी नाचणीचं सत्त्व करत होती. दादा दहावीत गेलेला, नुकतंच भूगोलात दख्खनचं पठार झालेलं. तो म्हणाला, “आजी, कसली मोळी? तो ज्वालामुखी आहे. लाव्हा पिचकारीसारखा खालून वर आला आणि तसाच थिजला.”

आजीने हातातलं फडकं पिळलं आणि विचारलं, “पातळ होता ना रे तो? मग पातळ वस्तू उभी कशी राहिली? आणि लाकडासारख्या चिरा कुणी पाडल्या?”

दादाकडे उत्तर नव्हतं. तो हसला. “तुला नाही कळायचं, तू चौथीपण शिकली नाहीस.” गॅलरीतले दोघंतिघं हसले. मीही हसले, ते अजून टोचतं. मोळीची गोष्ट आजीने पुन्हा कधी काढली नाही, माझ्या धाकट्या मावसभावंडांना तर ती माहीतच नाही.

आता ऐका. आजीचे दोन्ही प्रश्न बरोबर होते, दादाचं उत्तर चूक होतं. खांब पिचकारीसारखा उडून तसाच थिजलेला नाही. साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड आहे तो. तापलेला रस थिजून दगड झाला, तरी आत तो कितीतरी तापलेला असतो. तो निवत जातो तसा आक्रसतो, आणि आक्रसायला जागा नसली की तडकतो. तडे पृष्ठभागावर सुरू होतात आणि थंडी जशी आत शिरते तसे आत उतरत जातात, म्हणून चिरा उभ्या. ताण सगळीकडून सारखा असला की तडे एकमेकांना साधारण 120 अंशांत भेटतात, म्हणून खांब पाचसहा बाजूंचे. सावकाश निवला तर जाड खांब, भराभर निवला तर बारीक. मग भोवतालचा डोंगर झिजला, उरलेला माणसांनी फोडून खडी केली, आणि हा सुमारे 200 फुटांचा तुकडा तेवढा उभा राहिला.

आणि हे सगळं त्या दिवशी आजीच्या परातीत होतं! सत्त्व कसं करतात ते माहीतच असेल. वरचं निवळ ओतून टाकलं की खाली बोटभर जाडीचा पांढरा साका उरतो. तो उन्हात सुकला की तडकतो, आणि तुकडा उचलून बघितला तर कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ उभ्या. मी तो तुकडा हातात धरून दादाचं भाषण ऐकत होते. दोन्हींचा संबंध लागायला मला पुढची वीस वर्षं लागली.

दादा आता निवृत्त इंजिनियर आहे आणि अजूनही म्हणतो की दगड कायद्याने वाचला. 1952 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषणा झाली, 2007 साली महापालिकेने दुसऱ्या श्रेणीचा वारसा म्हणून नोंद केली, हे खरं. पण असे खांब जोगेश्वरीलाही होते. ते फोडले गेले, कुणाच्या तरी इमारतीच्या स्लॅबमध्ये त्यांची खडी असेल. अंधेरीच्या माथ्यावर गावदेवी बसली होती, तिथे सुरुंग लावायला हात कचरला असणार. हे माझं मत आहे, प्रोजेक्टमध्ये पुरावा म्हणून घालू नका.

अमेरिकेत वायोमिंग राज्यात डेव्हिल्स टॉवर म्हणून असाच खांबाखांबांचा सुळका आहे, याच्या चौपट उंच. तिथले कायोवा लोक सांगतात की अस्वल मागे लागलेल्या मुलींना घेऊन खडक वर वाढला, चिरा म्हणजे अस्वलाच्या नखांचे ओरखडे, आणि मुली आकाशात तारे झाल्या. म्हणजे त्यांनीही विचारलं ते हेच, चिरा उभ्या का. ती गोष्ट माहितीपत्रकात छापतात. आपण आपलीला अंधश्रद्धेच्या रकान्यात टाकतो.

दोन गोष्टी राहिल्या. मोळीची गोष्ट मी आजीशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही, तिने स्वतः रचली असण्याची दाट शक्यता आहे. मुलाला वर नेऊन पुजाऱ्यांना आणि खालच्या जुन्या रहिवाशांना विचारायला लावा. आणि सत्त्व पाणी सुटून आक्रसतं, लाव्हा थंड होऊन. तडकण्याची रीत एक, कारण वेगळं, हे लिहायला सांगा. माथ्यावर देऊळ आणि शहर दिसेल, खांब बघायचे तर खालूनच.

घरी करायचं तर नाचणीचा खटाटोप नको. कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून काचेच्या ग्लासात जाड थर भरा आणि टेबललॅम्पखाली ठेवून द्या. काही दिवस लागतील, हलवू नका. मग ग्लासातून अलगद काढून मोडा. फोटो आला तर इथे टाका, मला दादाला पाठवायचाय.