कौलांवर वॉटरप्रूफ कोटिंग मारलं तर दरवर्षीची शाकारणी टळते का?

तुमचं गावचं कौलारू घर दरवर्षी शाकारूनही, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून परत लावूनही, गळतं. एकदाच कोटिंग मारून मोकळं होता येईल का आणि लोक सहसा कुठे चुकतात, असं विचारलंय. मोकळं होता येत नाही. आम्ही होऊन बघितलं.

राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. मंगळुरी कौलं, दोन पाखी म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू, पुढे पडवी. मी सून म्हणून आले तेव्हा शाकारणी सासरे स्वतः करून घ्यायचे. मे महिन्यात गडी वर चढायचे आणि सासरे खाली अंगणात पाटावर बसायचे. उतरवलेलं प्रत्येक कौल त्यांच्या हातात. बोटाच्या पेराने टकटक करायचं. चांगलं कौल खणखणतं, चीर गेलेलं फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. शंका आली की कौल पाण्यात बुडवून उन्हात ठेवायचे. सगळं कौल वाळतं आणि चिरेची तेवढी ओली रेघ मागे राहते. पुढे त्यांची नजर गेली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. त्याला आता वीस वर्षं झाली.

धाकटे दीर डोंबिवलीला. घरात त्यांचा वाटा आहे, पैसेही देतात, नाही म्हणणार नाही. पण शाकारणीचे पैसे मागितले की दरवर्षी तेच, "वहिनी, कौलं काढायची आणि तीच परत लावायची, याला खर्च म्हणतात का?" तौक्ते वादळात, 2021 च्या मे महिन्यात, पश्चिमेच्या पाख्याची बरीच कौलं उडाली आणि भावजींना निमित्त मिळालं. पुढच्या मेमध्ये ते शहरातून चार मुलं आणि रंगाचे डबे घेऊनच आले.

मुलांनी आधी पंपाने कौलं धुतली. चपला घालून कौलाच्या मधोमध पाय देत फिरत होती. कौलावर जावंच लागलं तर शिडी आडवी टाकून तिच्यावरून जातात, नाहीतर खाली रीप, म्हणजे कौलं टेकतात ती आडवी लाकडी पट्टी, असेल तिथेच पाय देतात. हे मी खालून ओरडून सांगत होते. चाळीसेक कौलं तिथेच गेली. मग पश्चिमेच्या पाख्यावर दोन कौलांमधल्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या, वरून कोटिंग, आणि आतून वाशांना निळं प्लास्टिक ठोकलं. खर्च अडतीस हजार. "आता दहा वर्षं वर बघायचं नाही." आमचे हे म्हणाले, त्याचे पैसे आहेत, करू दे.

बासेल मिशनवाल्यांनी 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या कौलाच्या कडेला खाच आहे. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते. थोडं पाणी आत शिरतंच, आणि ते त्याच खाचेतून खालच्या कौलावर उतरतं. तीच वाट सिमेंटने बुजवली की पाणी मागे तुंबतं. शिवाय कौलांमधलं हे सिमेंट टिकत नाही. एका उन्हाळ्यात त्याला केसासारख्या चिरा पडतात, पाणी त्या चिरेतून ओढलं जातं आणि बाहेर पडायला जागा नसते.

पहिला पावसाळा कोरडा गेला, हे कबूल करते. भावजींनी फोन करून दोनदा विचारलं, गळतं का? नाही म्हणताना मला जड गेलं.

2023 चे गणपती 19 सप्टेंबरला होते. भावजी सहकुटुंब आलेले. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी पाऊस धरला, आणि माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधलेल्या काकडीवरून पाणी थेंब थेंब समईच्या बाजूला पडायला लागलं. आधी वाटलं फळाचंच असेल. वर बघितलं तर प्लास्टिकला घागरीएवढा फुगा आलेला. यांनी परात धरली, मी विळीच्या टोकाने प्लास्टिक फोडलं. काळं पाणी, कुजक्या लाकडाचा वास. नंतर माळ्यावर जाऊन वाशाला अंगठा लावला तर नखापर्यंत आत गेला. प्लास्टिकने ओल कोंडून ठेवली होती, वारा लागत नव्हता. तीन वासे आणि सतरा रिपा बदलाव्या लागल्या.

भावजी काय म्हणाले असतील? "मुळात तुमच्या शाकारणीतच खोट होती."

दुरुस्ती आणखी वाईट. साध्या छपरातलं कौल आतून हाताने वर सरकवून बदलता येतं. इथे एक काढायला जावं तर शेजारची दोन फुटत होती. दोनशे बारा कौलं गेली. नवी आणली ती बसेनात, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते बघून मग शेजारच्या गावातल्या एका मोडणाऱ्या घराची कौलं मिळवली. तुमच्या कौलांच्या पाठीवरचं नाव आजच वाचून ठेवा, आणि त्याच छापाची पन्नास-शंभर कौलं गोठ्यात रचून ठेवा.

आता तुमचं घर शाकारूनही का गळतं, ते न बघता सांगता येणार नाही. पण थेंब जिथे पडतो तिथलं कौल बदलून लोक गप्प बसतात, ही नेहमीची चूक. पाणी वरून शिरतं, रिपेवरून वाशावर येतं आणि चार हात खाली येऊन टपकतं. भर पावसात माळ्यावर बॅटरी घेऊन जा, ओघळ वर कुठपर्यंत जातो ते बघा आणि वाशावर खडूने खूण करा. मेमध्ये येऊन कोरड्या छपराकडे बघून काही कळत नाही. गळतीखाली पावसाळाभर टोप कोण मांडतं, तिला विचारा. आमच्याकडे कोणी विचारलं नव्हतं.

पडवी पुढे वाढवताना उतार कमी केला असेल तर कितीही शाकारा, पाणी मागे चढणारच. आढ्यावरच्या कोन्यांचा, म्हणजे छपराच्या शेंड्यावरच्या कौलांचा, चुना सुटलाय का तेही बघा. कोने मात्र चुन्यात किंवा सिमेंटमध्येच बसवतात, तिथे सिमेंट वाईट नाही. फणसाची फांदी छपरावर आली असेल तर तोडा, पानं पन्हळीत कुजतात आणि वानरं त्याच फांदीवरून उतरतात.

हे सगळं कौलांपुरतं. स्लॅबला कोटिंग करतात आणि ते चालतंही, माझ्या माहेरी केलंय. आणि माळ्यावर जाण्याआधी मेन स्विच बंद करा, जुन्या वायरी वाशांवरूनच गेलेल्या असतात. हे आधीच लिहायला हवं होतं.

यंदा शाकारणीला अकरा हजार लागले. भावजींनी निम्मे पाठवले, सोबत "तीच कौलं परत लावली ना?" असा मेसेज. कोटिंगचे उरलेले दोन डबे पडवीत पडून आहेत. घेऊन जा म्हणून दर गणपतीत आठवण करते, पण जाताना गाडीत जागाच नसते त्यांच्या.