तोडलेली द्राक्षं शीतगृहात दहा दिवसांतच का खराब होतात? देठ वाळून मणी गळतात. महिना-दीड महिना टिकवता येतील का?

टिकतील, पण तोडणीनंतर ४ ते ६ तासांत प्री-कूलिंग (साठवण्याआधी माल झटपट थंड करणं) झालं आणि पेटीत ग्रेप गार्डचा कागद (हळूहळू सल्फर डायऑक्साइड वायू सोडून बुरशी रोखणारा) असला तरच. तुम्ही लिहिलंय की देठ वाळून मणी गळतात. तो देठ शीतगृहात नाही, त्याआधी बांधावरच वाळतो. आपल्याकडे मार्चच्या उन्हात क्रेट दोन तास राहिले की हिरवा देठ तपकिरी पडलाच समजा. मी शीतगृहात माल लावतो, पेटी उघडली की आधी देठच बघतो. दव सुकलं की तोडायला घ्या, ऊन चढायच्या आत थांबा. ओला घड भरू नका: ओलाव्यानं कागदातला सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो आणि मणी देठाजवळ पांढरे पडतात.

खोली ० ते उणे १ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के हवी. संत्र्यासाठी ६-७ अंशांवर लावलेल्या खोलीत स्वस्तात जागा मिळते म्हणून जाऊ नका, तिथे करडी बुरशी मस्त वाढते. (शून्यावरही ती मरत नाही, फक्त मंदावते. म्हणूनच तो कागद.)

मात्र आंबट माल ठेवून उपयोग नाही; द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही.